न्हाणीघरातली मावशी

धाकटीने फुलांच्या दुकानात फोन लावला तेव्हा तिच्या एका हातात अजून रबराचा मोजा होता. हॉस्पिटलच्या रक्त तपासायच्या खोलीत सकाळपासून नळ्यांची रांग हलत नव्हती. एक ट्रे संपवावा तर दार ढकलून दुसरा आत. त्या मधल्या फटीत तिने बहिणीसाठी गुच्छ सांगितला. दुकानदारणीने विचारलं, प्रसंग काय, वाढदिवस, लग्न, बाळ, आजारपण? धाकटी म्हणाली, प्रसंग काही नाही. मग लिहायचं काय? धाकटीने भिंतीकडे बघत जरा विचार केला आणि सांगितलं, की ताई फार दमली आहे, बघून तिला बरं वाटेल असं काहीतरी द्या.

"म्हणजे हसरा," दुकानदारीण म्हणाली आणि मागे वळून कुणाला तरी ओरडली, "एक हसरा घे गं, बाहेरगावचा."

थोरलीचा फोन त्याच आठवड्यात येऊन गेला होता. तब्येतपाणी विचारून झालं, गुडघा रात्रीचा ठणकतो हे सांगून झालं, मधमाश्यांच्या पेट्या आल्या आणि बांधावर लावल्या हेही झालं. मग घरातलं मीठ संपलंय हे सांगावं त्या आवाजात ती म्हणाली, "यंदाचं हे शेवटचं. पुढल्या वर्षी जमीन कुणाला तरी करायला देते. माझ्याने नाही होत आता." धाकटी बरं म्हणाली. थोरलीने "ठेवते" म्हणून फोन ठेवला.

काय राहिलं ते धाकटीच्या लक्षात नंतर आलं, भांडी विसळताना. दर वर्षी फुलोऱ्याच्या सुमारास थोरली विचारायची, "येतेस का? थोडेच दिवस. फुलोरा सरेपर्यंत." आणि दर वर्षी धाकटी म्हणायची, बघते, सुट्टीचं विचारते. विचारायची मात्र नाही. खोलीत माणसं कमी, आजाऱ्यांना कसली सुट्टी, आपण गेलो तर आपलं काम शेजारच्या टेबलावर पडणार, असं स्वतःलाच समजावून ती गप्प बसायची आणि पीक कापून झालं की बिस्किटांचा डबा घेऊन गावी जायची. तिथे पोचली की झोपायची. झोप पुरी झाली की परत यायची. यंदा थोरलीने विचारलंच नव्हतं. आईवडील गेल्यावर "येतेस का" असं विचारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते विचारायचं थांबलं, तर जायचं कुठे? घशात काटा रुतावा तशी ती गोष्ट रुतून बसली. गिळलं की टोचायची.

फुलांची कल्पना आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या जुन्या बाई. सगळ्यांच्या घरात नाक खुपसतात म्हणून हे नाव पडलं होतं आणि त्यांनी ते मान म्हणून स्वीकारलं होतं. त्या म्हणाल्या, फुलं पाठव. माझा मुलगा न चुकता पाठवतो. "तो स्वतः येत नाही, पण फुलं अगदी वेळेवर येतात हो." हे बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि पुढची नळी उचलली.

संध्याकाळी कामाची पाळी संपता संपता दुकानातून फोटो आला. नारिंगी जरबेरा, पिवळी शेवंती, मध्ये मध्ये बारीक पांढरी फुलं, आणि सगळ्यांच्या मधोमध बशीएवढी तीन सूर्यफुलं. खाली लिहिलं होतं, हसरा गुच्छ रवाना. धाकटीला खरंच हसू आलं. गुच्छ इतका टवटवीत होता की त्या खोलीत तो फोटो बघायलाही संकोच वाटावा. तिने आत्याबाईंना दाखवला.

"सूर्यफुलं होय?" आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे तर यांची शेतंच्या शेतं ना? म्हणजे तिचंच तिला पाठवलंस की."

"हो, पण आमच्याकडे बाहेरचं सूर्यफूल—" धाकटी हसत हसत म्हणाली आणि वाक्य तिथेच तुटलं.

तिच्या गावात सूर्यफूल तेलासाठी लावत नसत. तिथे बियाणं पिकायचं, दुसऱ्या शेतकऱ्यांनी पेरायचं. शेतात काही ओळी मादी झाडांच्या, मग एक ओळ नराची, पुन्हा मादीच्या, अशी मांडणी. मादी ओळीतल्या फुलांना पराग नसतातच. ते नराच्या ओळीतून मधमाश्या आणून देणार. त्यामुळे फुलोऱ्यात गावाच्या शिवारात दुसरं, परकं सूर्यफूल उघडलेलं चालत नसे. माशीला कोण आपलं आणि कोण परकं हे कुठे कळतं? ती परक्या फुलावर लोळून आली की मादी फुलात भेसळीचं बी धरणार, आणि ते बी वरून ओळखू येत नाही. म्हणून त्या दिवसांत गावकरी रस्त्याच्या कडेची, उकिरड्यावरची, चुकून उगवलेली एकूणएक रोपं उपटत फिरायचे. एकदा शाळेतल्या नव्या बाईंनी हौसेने खिडकीत सूर्यफुलाची कुंडी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी कुंडी होती, माती होती, झाड नव्हतं. बाईंनी साऱ्या गावाला विचारलं. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.

बियाणं घेणाऱ्या कंपनीचा माणूस फुलोऱ्यात शेतं बघत हिंडायचा. त्याला गावात पाहणीवाले म्हणत. त्याच्या नियमात लिहिलेलं होतं, की शेताजवळ उघडलेलं परकं सूर्यफूल आढळलं तर ते शेत बाद. फूल जमिनीत आहे की बरणीत, हे नियमाने विचारलेलं नव्हतं. कुणी गुच्छ मागवेल हे नियम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. आणि थोरलीचं घर तर शेताला लागून. मागच्या दारातून पाऊल टाकलं की पहिली ओळ. तिथे, फुलोरा ऐन भरात असताना, गावात वाढलेल्या धाकटीने सूर्यफुलं पाठवली होती. गावाला काय चाललंय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. मधमाश्यांच्या पेट्या आल्याचं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. फक्त ते तिच्या आत कुठे पोचलं नव्हतं.

तिने थोरलीला फोन लावला. तो घरात कपाटावर वाजत राहिला असणार. थोरली फोन शेतात नेत नसे, घामाने बिघडतो म्हणून. संध्याकाळी उशिरा लावला तेव्हा बंद होता. म्हणजे चार्जिंग संपलं आणि मालकीण झोपली. फुलांच्या दुकानात लावला तर दुकानदारीण म्हणाली, गाडी केव्हाच गेली, सकाळी गावात पोचेल, आणि काळजी करू नका, फुलं ताजी राहतील. धाकटीने कपाळावर हात मारला. ताजी राहतील हीच तर काळजी होती.

मग ती मुख्य डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. मनात बरीच जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मला उद्यापासून सुट्टी हवीय. घरी जायचंय." बाईंनी कागदावरून मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, जा. आत्याबाईंना सांगून जा म्हणजे झालं. इतकंच. इतकी वर्षं ज्या भिंतीला ती वळसा घालून जात होती, ती भिंत नव्हतीच. पडदा होता, तोही उघडा. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला फक्त थकवा आला.

सकाळची पहिली बस तिने धरली. शहर मागे पडलं, गोदामं मागे पडली, आणि ऊन वर आलं तशी शेतं सुरू झाली. पूर्ण उमललेलं सूर्यफूल सूर्यामागे फिरत नाही. कळीपणी फिरतं, फुललं की पूर्वेकडे तोंड करून उभं राहतं ते कायमचं. आणि गाव शहराच्या पूर्वेला. त्यामुळे गावाकडे येणाऱ्या बसमधून शेतं बघितली की दिसतात त्या नुसत्या हिरव्या पाठी, मान खाली घालून उभ्या असलेल्या. चेहरे दिसतात ते सोडून जाणाऱ्याला. लहानपणी ही गोष्ट धाकटीच्या लक्षात आली होती आणि तिने मोठ्या अभिमानाने थोरलीला सांगितली होती. थोरली म्हणाली होती, "मग जाऊच नको, म्हणजे तुला काहीच बघावं लागणार नाही." थोरली तिच्याहून बरीच मोठी. धाकटी एका जागी बसत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायची.

गावात बस थांबते तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बाहेरून येणारं प्रत्येक पार्सल तिथेच उतरतं. दुकानदाराला सगळे बोल्टकाका म्हणत. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही कोण जाणे. धाकटी उतरताच त्यांनी तिला ओळखलं आणि काही न बोलता हाताने आत बोलावलं. आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, की सकाळी गाडीवाल्याने खोकं हातात दिलं, त्याला वरून पारदर्शक कागद, आणि आतून ही तीन तोंडं माझ्याकडे बघतायत. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी. माझी तर पाचावर धारण बसली. अंगातलं जाकीट काढून वरून टाकलं आणि सगळ्यांना सांगितलं, काचेचं सामान आहे.

"मग आता कुठाय?"

"माझ्याकडे कशाला ठेवू? माझ्या दुकानाचं नाव खराब करतेस का?" पोत्यात घालून तुझ्या ताईच्या मागच्या दारात नेऊन ठेवलं, असं त्यांनी सांगितलं. ती शेतात होती, तिला लांबूनच हाताने खूण केली. तिने बघितलं की नाही देव जाणे. "आणि पळ आता. पाहणीवाले नदीकडची शेतं उरकून तुमच्याकडेच निघालेत." ती वळली तसे मागून म्हणाले, "शिकलीसवरलीस ना गं तू? दुसरं फूलच नव्हतं जगात?"

ती पळाली. वाटेत दोघीतिघींनी हटकलं, कधी आलीस, किती वाळलीस. तिने हात हलवला आणि पळत राहिली. घराच्या मागच्या दारात पोतं होतं, रिकामं. तिने स्वयंपाकघरात पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, धान्याच्या कोठीमागे पाहिलं. घर नेहमीसारखं होतं आणि नव्हतंही. फरशी झाडलेली, पण कोपऱ्यात भांड्यांचा ढीग. खुर्चीवर कपड्यांची घडी न घातलेली रास, आणि दुसऱ्या खुर्चीवर गुडघ्याला बांधायचा पट्टा. थोरलीच्या घरात अशी रास तिने कधी पाहिली नव्हती. मग तिचं लक्ष अंगणातल्या न्हाणीघराकडे गेलं. दाराला बाहेरून कडी. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल घट्ट कोंबलेला. वरच्या झरोक्यात पोत्याचा बोळा. एक माशी आत जाणार नाही, एक बाहेर येणार नाही, असा बंदोबस्त.

कडीला हात लावणार एवढ्यात शेताच्या बाजूने आवाज आले. थोरली आणि पाहणीवाले ओळीतून बाहेर पडत होते. थोरली पुढे, एक पाय जरा ओढत. तिच्या ओढणीला, केसांना, कोपरांना सूर्यफुलाच्या पानांची कुसं चिकटलेली. पाहणीवाले मागे, घामाघूम. धाकटीला बघून थोरली थबकली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "ही माझी धाकटी बहीण," ती पाहणीवाल्यांना म्हणाली, जणू धाकटी रोज याच वेळी न्हाणीघराच्या दाराशी उभी असते.

पाहणीवाले भले गृहस्थ होते. शेत स्वच्छ आहे, म्हणाले, मादी ओळीत एकही भेसळ सापडली नाही, असं शेत यंदा दुसरं बघितलं नाही. एवढं बोलून त्यांनी चिकट झालेले हात पुढे धरले आणि जरा हात धुतो म्हणून सरळ न्हाणीघराकडे निघाले.

धाकटी दाराला पाठ लावून उभी राहिली. तिचं तोंड आपणहून बोलून गेलं, "आत मावशी आहे. अंघोळ करतेय."

पाहणीवाले थांबले. बाहेरून लावलेल्या कडीकडे त्यांनी पाहिलं की काय, अशी धाकटीला शंका आली. ती जरा डावीकडे सरकली आणि कडी पाठीखाली घेतली. इतकी वर्षं या घराला मावशी नव्हती. थोरलीची पापणीही हलली नाही.

"तिला फार वेळ लागतो," थोरली म्हणाली. "या, इकडे नळावर या. साबण देते."

नळावर त्यांनी हात धुतले, मान धुतली, थोरलीने दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायले. जाताना वळून न्हाणीघराच्या दाराकडे बघत आदराने म्हणाले, मावशींना नमस्कार सांगा. फाटक वाजलं. त्यांची मोटारसायकल वळणापलीकडे जाईपर्यंत दोघी बहिणी हलल्या नाहीत.

मग थोरली पायरीवर बसली. बसली म्हणजे पडलीच. गुडघा दोन्ही हातांनी धरून लांब केला आणि डोळे मिटले. धाकटीला वाटलं, आता बोलणार. इतक्या वर्षांचं सगळं आता एकदम बाहेर येणार, आणि यायलाच हवं. ती वाट बघत उभी राहिली. थोरलीचे खांदे हलायला लागले. रडतेय असं समजून धाकटी खाली वाकली, तर ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी गाळत.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली. "अगं, मावशी कुठून काढलीस?"

धाकटीने माफी मागायला सुरुवात केली. फोनवर सांगितलं होतंस तरी माझ्या ध्यानात आलं नाही, मी फक्त तुला बरं वाटेल असं द्या म्हणाले, त्यात काय काय घालतील ते विचारलंच नाही, फोटो बघितला तेव्हा गाडी निघून गेली होती, तुझं शेत बाद झालं असतं तर. थोरलीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, कडी काढ, आत जा, आणि दार मागे लावून घे.

आत अर्धवट अंधार आणि ओलसर गारवा होता. अंघोळीच्या पाटाशेजारी निळ्या बादलीत गुच्छ उभा होता. जरबेरा, शेवंती, पांढरी बारीक फुलं, आणि मधोमध ती तिघं, कुणीच बघत नसताना भिंतीकडे तोंड करून हसणारी. थोरली लंगडत मागोमाग आत आली. दार लावून ती पाटावर टेकली आणि म्हणाली, "अंगठा लाव."

धाकटीला ते समजावून सांगावं लागलं नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत रोज उजाडता उजाडता, माश्या उठायच्या आत, मादी ओळींतून चालायचं आणि एकेका फुलाच्या मधल्या चकतीवर अंगठा दाबायचा. अंगठा पिवळा झाला की ती भेसळ, ते झाड मुळासकट उपटायचं आणि तोंड खाली करून पोत्यात. चालता यायला लागलं तेव्हापासून दोघींनी हेच केलं होतं. धाकटीने मधल्या फुलावर अंगठा दाबला आणि झरोक्यातल्या पोत्याच्या विणीतून झिरपणाऱ्या उजेडात धरला. अंगठा कोरा होता. दुसऱ्या फुलावर दाबला. कोरा. तिसऱ्यावर.

"पराग नाहीत," ती म्हणाली.

"एक कण नाही. पोतं उघडलं तेव्हा पहिलं तेच बघितलं." थोरली सांगत होती, की ही शहरातली फुलं मुद्दामच तशी वाढवलेली असणार, लोकांच्या टेबलावर पिवळं सांडू नये म्हणून. आपल्या मादी ओळींसारखीच. यांनी कुणाचं काही बिघडवलं नसतं.

"मग त्यांना सांगायचं ना तसं. ही सगळी कोंबाकोंबी कशाला?"

"सांगितलं असतं तर त्यांनी कागद काढला असता, वर विचारलं असतं, वरच्यांनी त्याच्या वर. तोवर फुलोरा संपला असता. आणि गावात कुणाकुणाचा अंगठा धरून दाखवायचा?" थोरलीने भिंतीला डोकं टेकलं. "इतकं बोलायची ताकद नाही गं माझ्यात आता."

धाकटी दाराशीच खाली बसली. तिने विचारलं, की मग टाकून का नाही दिलीस? चुलीत घालायची. बरीच कटकट वाचली असती.

थोरलीने बादलीतली एक शेवंती सरळ केली. "सकाळी हे आत आणून ठेवलं," ती म्हणाली, "आणि म्हटलं, जरा टेकावं. पाटावर बसले. बघत बसले यांच्याकडे. किती वेळ ते ठाऊक नाही. बाहेर माश्यांचा आवाज येत होता, काम पडलं होतं, पाहणीवाले यायचे होते. पण उठावंसंच वाटेना. दारं खिडक्या बंद, कुणी बघणार नाही, कुणी हाक मारणार नाही. आई गेल्यापासून अशी बसलेच नव्हते मी." मग म्हणाली, "मला कुणी फुलं पाठवली नव्हती कधी. आयुष्यभर फुलांतच उभी आहे, पण पाठवली नव्हती कुणी."

धाकटीच्या घशातला काटा तिथेच होता, आणि आता गप्प राहिलं तर तो तिथेच राहणार हे तिला कळत होतं. म्हणून तिने खाली फरशीकडे बघत विचारलं, "यंदा मला ये का नाही म्हणालीस?"

"तू यायचं नाहीस हे माहीत होतं."

"दर वर्षीच माहीत असायचं ना."

"दर वर्षी विचारायचं बळ असायचं," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. "विचारायचं, मग तुझं बघते ऐकायचं, मग वाट बघायची, मग नाही येणार असं आपलं आपण समजायचं. फार काम असतं गं त्यात. शेतापेक्षा जास्त. यंदा म्हटलं, तेवढं तरी वाचवू."

बादलीतल्या पाण्यात एक पांढरं फूल गळून पडलं. धाकटीने सांगितलं, की सुट्टी एका वाक्यात मिळाली. आजवर कधी मागितलीच नव्हती. हे सांगताना तिला वाटलं होतं, थोरली दचकेल, दुखावेल. थोरलीने फक्त मान हलवली. तेही तिला माहीत असावं.

संध्याकाळी धाकटीने भांडी घासली, कपड्यांच्या घड्या घातल्या, टॉवेल भिजवून पुन्हा दाराखाली कोंबला. थोरलीने अंघोळीला पाणी तापवलं आणि आत जाताना म्हणाली, मावशीला जरा सरकायला सांगते. मग बराच वेळ आतून पाण्याचा आवाजच आला नाही. धाकटी अंगणात बसून राहिली. तिने हाक मारली नाही. केव्हातरी तांब्या वाजला.

जेवताना जमिनीचा विषय धाकटीने एकदा काढला, तर थोरली म्हणाली, पुढल्या वर्षाचं पुढल्या वर्षी बघू, आत्ता चावायचेसुद्धा कष्ट होतायत. पण ताटं उचलून झाल्यावर, अंथरुणावर बसून गुडघ्याला पट्टा बांधता बांधता, धाकटीकडे न बघता तिने विचारलं, "भिंगरे, उद्या उजाडायच्या आत उठशील का?"

धाकटी हो म्हणाली. बघते म्हणाली नाही.

सकाळी दव इतकं होतं की पहिल्याच ओळीत दोघी कमरेपर्यंत भिजल्या. थोरली एका ओळीत, धाकटी शेजारच्या. धाकटीचा अंगठा सुरुवातीला चाचरत होता, कुठे किती दाबायचं ते विसरला होता. अर्ध्या ओळीत त्याचं त्यालाच आठवलं. कोरा, कोरा, कोरा. एका झाडाशी तो पिवळा झाला. तिने हात वर करून दाखवला. "उपट," थोरली पानांआडून म्हणाली. धाकटीने ते मुळासकट उपटलं, तोंड खाली करून पोत्यात कोंबलं. तिचे तळहात सोलवटले, आणि पुढची ओळ तशीच उभी होती, आणि तिच्यापुढची.

ओळ संपली तशी थोरली पूर्वेच्या बांधावर आली, मधमाश्यांच्या पेट्यांपासून जरा लांब. "मी टेकते जरा," ती म्हणाली. फुलोऱ्यात, ऊन चढायच्या आत, काम चालू असताना थोरलीला बसलेलं धाकटीने कधीच पाहिलं नव्हतं. तिने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पुढच्या ओळीत शिरली. इकडून आत शिरलं की सगळी फुलं समोरून भेटतात. पहिल्या फुलावर तिने अंगठा दाबला, बघितला, पुढे गेली. अर्ध्या ओळीतून तिने मागे वळून पाहिलं तेव्हा थोरलीची मान छातीवर कलली होती आणि ती झोपली होती, बांधावर, हातात एक उपटलेलं पान तसंच धरून. धाकटी पुन्हा ओळीकडे वळली. माश्या उठायला अजून थोडा वेळ होता.